वाळवंटात राहायला जाताय? आधी गावाची उंची विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनमध्ये काही वर्षं राहिलेलं कुटुंब: नवरा, बायको आणि बालवाडीतली मुलगी. डिसेंबरच्या मध्यावर नोकरीसाठी न्यू मेक्सिकोतल्या अल्बकर्कीला जायचंय. सामान भाड्याच्या ट्रकमधून, मागोमाग स्वतःची गाडी. जानेवारीत पुण्याहून आई-बाबा येणार. पुढे वर्ष-दोन वर्षांत ॲरिझोनातल्या फिनिक्सला बदली होऊ शकते. आणि शेवटी विचारलंय, "वाळवंटच आहे, तर जाड जॅकेटं इथेच कुणाला देऊन टाकावीत का? हिवाळ्यासाठी वेगळी काही तयारी लागते का?"

जॅकेटं देऊ नका आणि तयारी लागते. आता कारणं सांगतो.

मी मूळचा नागपूरचा. आधी फिनिक्समध्ये हीटिंग-कूलिंगची कामं केली, आता अल्बकर्कीत घर घेणाऱ्यांसाठी घरांची तपासणी करतो. त्यामुळे माझं लक्ष कपड्यांच्या कपाटाआधी छपराकडे आणि नळांकडे जातं. तुम्ही विचारताय जॅकेटांबद्दल, पण नव्याने आलेल्या कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात जो फटका बसतो तो क्वचितच कपड्यांमुळे बसतो. जॅकेट कमी पडलं तर दुकानात जाऊन अर्ध्या तासात मिळतं. रविवारी पहाटे भिंतीतला पाइप फुटला तर प्लंबर अर्ध्या तासात मिळत नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा धरतो: दिवसा स्वेटरही नको वाटणाऱ्या आणि पहाटे पाणी गोठवणाऱ्या हवेत घर, गाडी आणि घरची वयस्कर माणसं कशी सांभाळायची?

पहिली गोष्ट उंचीची. अमेरिकेचा हा नैर्ऋत्य कोपरा पावसाच्या हिशेबाने कोरडा आहे, पण थंडीच्या बाबतीत दोन गावांचं एकमेकांशी जुळत नाही. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 फुटांवर, लास वेगास 2,000, टूसॉन 2,400, एल पासो 3,700. अल्बकर्की रिओ ग्रांदेच्या काठाशी 5,000 फुटांच्या आसपास आहे आणि पूर्वेला सँडिया डोंगराच्या पायथ्याशी 6,000च्या वर जातं. सांता फे आणि फ्लॅगस्टाफ दोन्ही 7,000च्या घरात. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण 5,400 फूट आहे. म्हणजे तुमचं नवं घर जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर असणार, आणि तेही 35 उत्तर अक्षांशावर.

त्यामुळे जानेवारीतली सरासरी अशी दिसते. फिनिक्सला दुपारी 20 अंश सेल्सिअस आणि पहाटे 8, म्हणजे पहाट पुण्याच्या कडक थंडीसारखी, दुपार मात्र पुण्याहून बरीच गार. लास वेगासला 15 आणि 4. अल्बकर्कीत दुपारी 9 आणि पहाटे उणे 3. फ्लॅगस्टाफला दुपारी 6 आणि पहाटे उणे 8, शिवाय हिवाळाभरात सरासरी 90 ते 100 इंच बर्फ. फिनिक्स आणि फ्लॅगस्टाफमध्ये अंतर दीडशे मैलांच्या आतलं आहे. एकाच राज्यात सकाळी लिंबं तोडून दुपारी बर्फात मुलांना खेळवता येतं, ते या उंचीमुळे. कुणी "ॲरिझोनाचा हिवाळा कसा असतो" असं विचारलं तर मी आधी गावाचं नाव विचारतो.

दुसरी गोष्ट दिवस-रात्रीच्या फरकाची. ह्यूस्टनची हवा दमट. आर्द्रता आणि ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात, म्हणून तिथली रात्र दिवसापेक्षा फार वेगळी नसते. इथे हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. सूर्य मावळला की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास तापमान सर्वांत खाली असतं. एका दिवसात 12-15 अंश सेल्सिअसचा फरक ही इथली रोजची गोष्ट आहे. सावलीतून उन्हात आलात तरी अंगावरचा एक कपडा काढावासा वाटतो. अल्बकर्कीत बर्फ पडतो, पण बऱ्याचदा दुपारपर्यंत उन्हात वितळून जातो. हे छान वाटतं, पण खरी गंमत त्यानंतर आहे. वितळलेलं पाणी संध्याकाळी सहानंतर पुन्हा गोठतं, आणि सकाळी रस्त्यावर, पायऱ्यांवर, ड्राइव्हवेवर जो पारदर्शक थर दिसतही नाही, त्यावरून माणसं पडतात.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा एक काम करा. ड्राइव्हवे आणि मुख्य दार कुठल्या दिशेला आहे ते बघा. 21 डिसेंबरच्या आसपास इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 31-32 अंश वर असतो, आणि तो दक्षिणेला. उत्तरेकडच्या ड्राइव्हवेवर घराचीच सावली दिवसभर पडते आणि तिथलं बर्फ समोरच्या शेजाऱ्याकडचं वितळून गेल्यावरही चार-पाच दिवस तसंच राहतं. दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असतील तर दिवसभर ऊन आत येऊन घर फुकट तापतं. न्यू मेक्सिकोत मातीच्या विटांची जाड भिंतींची घरं पूर्वीपासून या हिशेबाने बांधली गेली आहेत: दिवसभराची ऊब भिंतीत मुरते आणि रात्री हळूहळू बाहेर येते. आता आपल्या लोकांची अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. दक्षिणमुखी म्हटलं की आपण पुढचं ऐकतच नाही. माझ्याकडे आलेल्या मराठी आणि गुजराती कुटुंबांनी उत्तरमुखी घरं आवडीने घेतली आहेत आणि मग पहिल्या बर्फानंतर ते वितळवायला मीठ किती टाकायचं हे विचारायला फोन केला आहे. वास्तूचं काय ते घरातल्या मोठ्यांशी बोलून ठरवा. पण भाड्याने घेताय आणि आई-बाबा ऐन जानेवारीत येणार आहेत, तर उन्हाचा ड्राइव्हवे मिळत असेल तर सोडू नका.

इथल्या जुन्या घरांची छपरं सपाट असतात आणि त्यावरचं पाणी भिंतीतून बाहेर काढलेल्या पन्हळींतून पडतं. इथे त्यांना 'कनालेस' म्हणतात. दुपारी छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकतं. खाली वाट असेल तर रात्री बरोबर तिथेच काचेसारखा थर जमतो. घर बघताना मान वर करून बघा, पन्हळ नेमकी कुठे रिकामी होते.

आता कूलर. नागपूरकर म्हणून यावर जरा जास्त बोललो तर समजून घ्या. अल्बकर्कीतल्या असंख्य घरांना उन्हाळ्यात गारवा देणारं यंत्र म्हणजे आपला डेझर्ट कूलरच. ओल्या पॅडमधून हवा ओढायची आणि घरात सोडायची. इथे त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात. फरक एवढाच, की आपण तो खिडकीला लावतो आणि दिवाळीच्या आत गच्चीवर नेऊन झाकून ठेवतो, तर इथे तो बारमाही छपरावर बसलेला असतो आणि त्याला पाणी पोचवायला बाहेरच्या नळापासून भिंतीवरून वर एक पेन्सिलीएवढी बारीक नळी गेलेली असते. तांब्याची किंवा प्लास्टिकची. हिवाळ्यात सगळ्यांत आधी फुटते ती ही नळी.

रीत अशी. ऑक्टोबरात, पहिली कडक थंडी यायच्या आत, नळीचा पाणीपुरवठा मुळाशी बंद करायचा. नळी दोन्ही टोकांना सोडवायची आणि फुंकून किंवा कॉम्प्रेसरने आतलं पाणी काढायचं. नुसता नळ बंद केला आणि नळीत पाणी राहिलं तर काही उपयोग नाही. मग कूलरच्या टाकीतला उभा ओव्हरफ्लो पाइप उपसून टाकी रिकामी करायची, पुसून कोरडी करायची आणि वर कॅनव्हासचं आवरण घालायचं. आणि शेवटचं, जे निम्म्या घरांत राहून गेलेलं असतं: कूलर आणि घर यांना जोडणाऱ्या डक्टमध्ये पत्र्याची झडप सरकवायची. ती नसेल तर फर्नेसने, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीने, तापवलेली हवा सरळ त्या डक्टमधून छपराबाहेर जाते, आणि तुम्ही सबंध हिवाळा आकाश तापवत बसता. तपासायची युक्ती सोपी आहे. छताच्या त्या जाळीखाली टिश्यू पेपरची एक पट्टी दोन बोटांत धरून उभे राहा. पट्टी हलली, वर ओढली गेली किंवा हाताला वरून गार झोत लागला, तर झडप बसवलेली नाही. मी तपासणीला गेलो की ही पट्टी खिशात असते. महागड्या उपकरणाआधी हीच बाहेर निघते.

तुम्ही डिसेंबरात पोचणार, म्हणजे हे काम घरमालकाने आधीच केलेलं असायला हवं. करार करण्यापूर्वी ई-मेलने विचारा: कूलर हिवाळ्यासाठी बंद केला आहे का, नळी रिकामी केली आहे का? जमल्यास छपराचा फोटो मागा. घर नवं असेल आणि जाहिरातीत 'रेफ्रिजरेटेड एअर' लिहिलं असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. तिथे साधं एअर कंडिशनिंग आहे.

पाइपांबद्दल तुम्हाला फार पटवावं लागणार नाही. 2021च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली आणि घरोघरी पाइप फुटले, ते ह्यूस्टनकरांना चांगलंच आठवत असेल. आमच्याकडे तशी थंडी 2011च्या फेब्रुवारीत आली होती. एल पासोत पारा 1 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 17 सेल्सिअसपर्यंत उतरला. पाइप फुटले, पाण्याची टंचाई झाली, वीज आळीपाळीने बंद ठेवावी लागली. टेक्ससच्या बाजूने येणारा नैसर्गिक वायू कमी पडल्यामुळे न्यू मेक्सिकोत ताओस, एस्पॅन्योलासारख्या गावांत हजारो घरांचा गॅस ऐन थंडीत बंद झाला. अशी थंडी दरवर्षी येत नाही. पण साधारण उणे 6-7 सेल्सिअसच्या, म्हणजे विशीतल्या फॅरनहाइटच्या रात्री अल्बकर्कीत येतातच, आणि फुटायला तेवढं पुरतं.

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पण पाइप अनेकदा जिथे बर्फ जमलं तिथे फुटत नाही. बर्फाचा बुच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढतो आणि पाइप तिथे चिरतो. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ थोडा सुरू ठेवतात: पाणी वाहतं राहतं आणि दाबाला वाट मिळते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकचा नळ निवडा, बारीक धार सोडा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे घरातली ऊब पाइपांपर्यंत जाईल. आणि बागेचा होज पाइप नळावरून काढून ठेवा. घरोघरी आता न गोठणारे बाहेरचे नळ असतात. त्यांची झडप भिंतीच्या आत, उबेत असते आणि नळ बंद केला की पुढचं पाणी आपोआप ओघळून जातं. पण होज लावून ठेवला तर ते पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि हा 'न गोठणारा' नळ भिंतीच्या आत फुटतो. तो फुटलाय हे कळतं थेट मार्च-एप्रिलमध्ये, पहिल्यांदा झाडांना पाणी घालताना, तेही कार्पेट ओलं झाल्यावर.

घरात शिरल्याच्या पहिल्या संध्याकाळी, खोकी उघडण्याआधी, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते शोधा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो फिरवून दाखवा. काही घरांत तो गॅरेजमध्ये असतो, काहींत फुटपाथजवळच्या लोखंडी झाकणाखाली, आणि त्याला वेगळी किल्ली लागते.

फर्नेसबद्दल मोजकंच सांगतो, कारण घरागणिक फरक पडतो. बहुतेक घरांत गॅसचा फर्नेस असतो. फिल्टर नवा आहे का बघा. धुळीमुळे इथे तो लवकर भरतो. फर्नेसची वार्षिक तपासणी केव्हा झाली ते घरमालकाला विचारा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ असलाच पाहिजे. नसेल तर स्वतः घ्या, मालकाची वाट बघू नका. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो फ्लू समजू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 911ला फोन करा. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवायचा नाही, आणि कोळशाची शेगडी तर घरात आणायचीच नाही. आपल्याकडची घरं फटीफटींतून श्वास घेतात, इथली बंद डबी असतात. विजेचा छोटा हीटर वापरायचा असेल तर थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेन्शन कॉर्डवर नाही, आणि अंथरूण-पडद्यांपासून तीन फूट दूर. सुट्टीत चार दिवस बाहेर गेलात तरी फर्नेस बंद करू नका. थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटवर ठेवून जा.

या सगळ्यात लोक ज्याला कमी लेखतात ती म्हणजे कोरडी हवा. बाहेरची थंड हवा मुळातच कोरडी. ती आत येऊन तापली की घरातली आर्द्रता 15-20 टक्क्यांवर येते, कधी त्याहूनही खाली. ह्यूस्टनहून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात ओठ फुटणं, टाचांना भेगा, दाराच्या मुठीला हात लावताच चटका आणि सकाळी नाकातून थोडं रक्त, यातलं काहीतरी होतंच. आई-बाबांना, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर, नाकातून रक्त आल्यावर घाबरायला होतं. आधी सांगून ठेवा आणि नाकात लावायचं सलाइन जेल घरात ठेवा. त्यांच्या खोलीत ह्युमिडिफायर लावा. पॅडवरून हवा फिरवणारा घ्या. वाफेसारखा धूर सोडणाऱ्या अल्ट्रासोनिकमुळे इथल्या जड पाण्याची पांढरी भुकटी फर्निचरवर बसते. 30-40 टक्के आर्द्रता पुष्कळ झाली. त्याहून जास्त केलीत तर एकपदरी काचांवर पाणी साचून चौकटी खराब होतात. खोबरेल तेलाची बाटली हिवाळाभर दगड होऊन राहणार, ती चुलीजवळच ठेवा.

घरात तबला, तानपुरा किंवा पेटी असेल तर वेगळं लक्ष द्या. कोरड्या हवेत तबल्याची पुडी इतकी ताणली जाते की स्वर चढतो आणि कधी पुडी फाटतेही. तानपुऱ्याच्या भोपळ्याला आणि जोडांना तडा जाऊ शकतो. वाद्यं फर्नेसच्या झोतापासून दूर, शक्यतो त्यांच्या बंद खोक्यात, आत आर्द्रता राखणारी पुडकी टाकून ठेवा. ट्रकमध्ये रात्रभर ठेवू नका, स्वतःच्या गाडीत घ्या आणि मुक्कामाला खोलीत न्या.

आता कपडे. एक अवजड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. तुमची जाड जॅकेटं सकाळी शाळेच्या रांगेत आणि प्रवासात लागतील. मुलीच्या शाळेबद्दल एक: बर्फ पडलेल्या सकाळी शाळा बऱ्याचदा पूर्ण बंद न ठेवता दोन तास उशिरा भरते. त्याला 'टू-अवर डिले' म्हणतात. पहाटे फोनवर निरोप येतो. ऑफिसात आधीच सांगून ठेवा. आई-बाबांसाठी पुण्यात भलेमोठे कोट विकत घेऊ नका. इथे चांगले आणि स्वस्त मिळतात. त्यांनी आणायचं ते कानटोपी, मफलर, शाल आणि पायमोजे. घरातही पायमोजे लागतील, कारण फरशी गार पडते. बाहेर जाताना चप्पल-सँडल नको, खाचांचा तळवा असलेले बंद बूट हवेत. आणि गॉगल, सनस्क्रीन. या उंचीवर थंडी असतानाही ऊन चांगलंच भाजतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना 5,000 फुटांवर दीड-दोन महिने राहायचंय हे सांगा. बाकीच्यांना पहिले दोन-तीन दिवस दम लागणं, डोकं जड होणं स्वाभाविक आहे. पाणी भरपूर प्यावं आणि जिने सावकाश चढावेत. कुकरला शिट्ट्या नेहमीच्याच ठेवून बघा. उघड्या पातेल्यातली डाळ मात्र लवकर शिजणार नाही. इथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं.

प्रवासाकडे येतो. ह्यूस्टनहून डॅलस, तिथून अमरिलो आणि पुढे आय-40 महामार्गाने पश्चिमेला, हा नेहमीचा रस्ता. त्यातला अमरिलो ते अल्बकर्की हा टप्पा डिसेंबरात गंमत म्हणून घ्यायचा नाही. रस्ता चढत चढत क्लाइन्स कॉर्नर्सला 7,000 फुटांच्या वर जातो आणि मग टिहेरास खिंडीतून अल्बकर्कीत उतरतो. उघडं माळरान, आडवा वारा आणि उंच भाड्याचा ट्रक. 2015च्या नाताळनंतर आलेल्या हिमवादळात पूर्व न्यू मेक्सिकोत बर्फाचे ढीग इतके साचले की हजारो दुभत्या गायी दगावल्या, आणि आय-40 बंद ठेवावा लागला. तुमची तारीख त्याच्या आधीची असली तरी दोन दिवस इकडे-तिकडे करायची मोकळीक ठेवा. घराच्या किल्ल्या सोमवारी मिळणार म्हणून रविवारी रात्री वादळात गाडी हाकायची वेळ येऊ देऊ नका. अमरिलो किंवा टुकमकेरीला मुक्काम करा, सकाळी नऊनंतर निघा आणि उजेड असताना पोचा. न्यू मेक्सिकोच्या रस्ते खात्याचं एनएम-रोड्स ॲप निघण्याआधी बघा.

ह्यूस्टनची गाडी म्हणून तीन गोष्टी. काच पुसायचं पाणी तिथे किडे धुण्याचं किंवा साधं असतं. ते चढणीवर गोठतं आणि ट्रकने उडवलेला चिखल काचेवर तसाच राहतो. शून्याखाली न गोठणारं भरा. रेडिएटरमध्ये कूलंट आहे की वेळोवेळी साधं पाणी टाकून पातळ केलंय, ते मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि बॅटरी. तिची खरी वाट उन्हाळा लावतो, पण ती मरते पहिल्या गोठवणाऱ्या सकाळी. तीन-चार वर्षांची झाली असेल तर निघण्यापूर्वीच बदला. टायरमधली हवा दर 10 अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआयने उतरते, म्हणून पोचल्यावर दुसऱ्या सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर पंक्चर शोधत बसू नका, हवा भरा. गाडीत ब्लँकेट, पाणी, मुलीचं खाणं ठेवा आणि इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

फिनिक्सला बदली झाली तर चित्र बरंच सोपं होतं. तिथे बहुतेक घरं हीट पंपवर, म्हणजे हिवाळ्यात उलटा चालून ऊब देणाऱ्या एसीवर, तापतात. शहराच्या मध्यभागी पाणी गोठण्याइतकी थंडी क्वचित पडते. काँक्रीट आणि डांबर दिवसाची ऊब रात्री सोडत राहतात. पण कडेच्या उपनगरांत, सखल भागात आणि कोरड्या ओढ्यांलगत गार हवा साचते आणि तिथे दवाचं बर्फ होतं. निफाडला कडाक्याच्या रात्री बागाईतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, त्याच्या मागचं कारण तेच. फिनिक्सचा माणूस मात्र घराबाहेर जमिनीतून वर आलेल्या बॅकफ्लो व्हॉल्व्हला (पाणी उलटं मागे जाऊ न देणाऱ्या झडपेला) जाड पिशवी किंवा जुनं ब्लँकेट बांधतो आणि लिंबाच्या झाडावर चादर टाकतो. चादर सुती, जमिनीपर्यंत टेकणारी, संध्याकाळी टाकायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची. प्लास्टिक नको, ते पानाला चिकटलं की तिथलं पान जळतं. लिंबू नाजूक, संत्रं जरा दमदार. कढीपत्ता आणि तुळस कुंडीतच ठेवा आणि रात्री आत घ्या. अल्बकर्कीत तर दोन्ही हिवाळाभर घरातच, दक्षिणेच्या खिडकीत.

फिनिक्सकरांची थंडीतली फजिती होते ती शहराबाहेर. नाताळच्या सुट्टीत हुडी घालून सगळे ग्रँड कॅनियनला निघतात. दक्षिण काठ वर्षभर उघडा असतो, पण तोही 7,000 फुटांवर आहे. उत्तर काठाचा रस्ता हिवाळ्यात बंदच असतो. फिनिक्सहून आय-17 एकसारखा चढतो, आणि फ्लॅगस्टाफजवळ पोचेपर्यंत पावसाचं बर्फ झालेलं असतं. तेव्हा ती जॅकेटं फिनिक्सलाही सोबत न्या.

घर ठरलं की दोन गोष्टी कळवा: ते कुठल्या दशकात बांधलेलं आहे, आणि कूलर छपरावर आहे की भिंतीत. भिंतीतला असेल तर झडपेऐवजी आतल्या बाजूने जाळीवर झाकण बसवावं लागतं, आणि त्याचं माप घरमालकाकडे नसलं तर ते कसं घ्यायचं ते मी सांगेन.